बाजारातली छत्री

वास्तुकलेचे इतिहास वाचताना एक गोष्ट पुन:पुन्हा जाणवते. त्यांत देवाला घर असते, राजाला घर असते, मेलेल्या थोरामोठ्यांनाही घर असते. अंडी, लोणी आणि दोन कोंबड्या घेऊन पहाटे अंधारात चालत निघालेल्या बाईला मात्र त्या ग्रंथांत कुठेच आसरा नसतो. तिच्यासाठी कुणी इमारत बांधली असेल, तीही उत्तम गवंड्यांना बोलावून, चर्चच्या कमानींना शोभेल अशा कोरीव दगडात, हे आपल्या मनातही येत नाही. इंग्लंडमधील जुन्या गावांच्या मध्यभागी उभे असलेले 'मार्केट क्रॉस' पाहण्याजोगे आहेत ते नेमके या कारणासाठी. आकाराने ते लहान; चार मिनिटांत सभोवार फिरून होते. पण बाजारात बसणाऱ्या माणसासाठी केलेली इतकी गंभीर वास्तू दुसरी दाखवणे अवघड आहे.

हा शब्द आमच्यापुढे प्रथम आला तो भाषांतराच्या तासाला. आम्ही दोघी मराठीच्या प्राध्यापिका. पदव्युत्तर वर्गाला भाषांतरविचाराची अभ्यासपत्रिका वाटून घेऊन शिकवतो. इंग्रजी प्रवासवर्णनातला एखादा उतारा दिला की विद्यार्थी 'बाजारातील क्रूस' असे लिहून पुढे सरकतात. ते सर्वस्वी अयोग्य आहे असेही नाही, कारण मुळात तो क्रूसच होता. पण पुढे याच नावाने अशा वास्तू ओळखल्या जाऊ लागल्या की ज्यांत क्रूस शोधावा लागतो, आणि कधी कधी तो नसतोही. एक विद्यार्थी 'चौक' सुचवतो. पण चौक ही मोकळी जागा, वास्तू नव्हे. 'चावडी' म्हणावे तर त्या शब्दाला पाटील-कुलकर्ण्यांचा आणि सारावसुलीचा वास आहे. 'पार' जवळचा वाटतो. पण पाराला झाड लागते, आणि पारावर बसलेली माणसे विकायला बसलेली नसतात. शब्द हाती लागत नसेल तर आधी वस्तूकडे जावे, असे आम्ही वर्गात सांगत असतो. म्हणून प्रथम वस्तूकडेच जाऊ.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये बाजार भरवणे हा कुणाचाही सहज हक्क नव्हता. त्यासाठी राजाची सनद लागे, आणि ज्याला सनद मिळे तो सरदार, मठ किंवा नगर बाजाराचा कर गोळा करी. दोन बाजारांत अंतर किती असावे याचाही विचार झालेला होता. तेराव्या शतकात, ब्रॅक्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायदेग्रंथात, ते सहा पूर्णांक दोन तृतीयांश मैल सांगितले आहे. हा विचित्र आकडा आला कुठून? दिवसाची चाल वीस मैलांची धरायची आणि तिचे तीन भाग करायचे : एक भाग जाण्याचा, एक खरेदीविक्रीचा, एक उजेडात घरी परतण्याचा. कायद्याच्या भाषेतला हा हिशेब पायी चालणाऱ्या माणसाच्या पायांवरून केलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तो रुक्ष वाटेनासा होतो.

हे बाजार पुष्कळदा चर्चच्या आवारातच भरत. १२८५ च्या विंचेस्टरच्या अधिनियमाने चर्चच्या आवारात जत्रा आणि बाजार भरवण्यास मनाई केली. बाजार गावाच्या चव्हाट्यावर उभे राहिले तरी क्रूस त्यांच्या मध्यभागी होताच. दगडी पायऱ्यांचे जोते, त्यावर उंच खांब आणि खांबाच्या माथ्यावर क्रूस, एवढेच त्याचे आरंभीचे रूप होते. इथे बाजार भरण्याचा हक्क आहे, ही एक खूण. आणि इथला सौदा देवाच्या नजरेसमोर होतो आहे, ही दुसरी.

पुढे विशेषत: पंधराव्या शतकात या खांबाभोवती छप्पर आले. छप्पर आले याचे कारण इंग्लंडचा पाऊस. विल्टशरमधील माम्झबरी येथला क्रॉस साधारण १४९० च्या सुमाराचा. आठ बाजू, आठ खांब, सर्व बाजूंनी उघड्या कमानी आणि वर दगडी घुमटी. सोळाव्या शतकाच्या पाचव्या दशकात जॉन लेलंड हा पुराणवस्तूंचा अभ्यासक तेथून गेला. आपल्या प्रवासटिपणात त्याने या वास्तूच्या सौंदर्याची आणि तिला लागलेल्या खर्चाची नोंद केली आणि तिचे प्रयोजनही तिथल्या तिथे सांगून टाकले : पाऊस आला की बाजारातल्या गरीब माणसांना कोरडे उभे राहता यावे. वास्तूचे वर्णन करताना ती कुणी बांधली याच्याइतकेच ती कुणासाठी बांधली हेही सांगावे, असे लेलंडला वाटले. आपल्याकडच्या कितीतरी स्थलवर्णनांत हा दुसरा प्रश्न विचारलेलाच नसतो.

या वास्तूंची नावे पाहावीत. सॉल्झबरीला एकेकाळी असे चार क्रॉस होते. त्यांतला एकच उरला आहे आणि त्याचे नाव आहे कोंबड्यांचा क्रॉस, 'पोल्ट्री क्रॉस'. त्याची आजची वास्तू पंधराव्या शतकातली, तिच्या माथ्यावर झेपावणाऱ्या दगडी कमानी मात्र एकोणिसाव्या शतकात चढवलेल्या. इतरत्र 'बटर क्रॉस' आहेत, म्हणजे लोण्याचे. सॉमरसेटमधील डन्स्टर येथे जॉर्ज लट्रेलने १६०९ मध्ये बांधलेली 'यार्न मार्केट', म्हणजे सुताचा बाजार, आहे. तीही अष्टकोनी, पण लाकडी. भोवती खाली झुकलेले रुंद छप्पर, खाली कापड आणि सूत विकणाऱ्यांची जागा. राजे, संत आणि सेनापती यांची नावे दगडांना देण्याची सवय असलेल्या देशात लोणी, कोंबडी आणि सूत यांची नावे शतकानुशतके टिकून राहिली. हा मान त्या मालाला मिळाला असला तरी तो माल आणणाऱ्या बायकांपर्यंत आपल्याला थोडासा पोचवतो, असे आम्हांस वाटते.

या सर्वांत दिमाखदार क्रॉस चिचेस्टरचा. रोमन काळापासून चार दिशांना जाणारे चार रस्ते या नगराच्या मध्यभागी मिळतात, आणि त्या मिळणीच्या जागी बिशप एडवर्ड स्टोरी यांनी १५०१ मध्ये ही अष्टकोनी वास्तू उभारली. मध्ये एक जाड खांब, त्याच्यापासून छत्रीच्या काड्यांसारख्या पसरलेल्या दगडी शिरा, बाहेर आठ कमानी, आणि वर एकमेकींकडे झुकत जाऊन मुकुटासारख्या मिळणाऱ्या कमानदार तिरा. नगराच्या गरीब लोकांच्या मदतीसाठी व सोयीसाठी ती बांधली, हा बिशपांचा हेतू नोंदलेला आहे. तिच्याखाली बसून विकणाऱ्यांना बाजारकर द्यावा लागू नये, हाही त्या व्यवस्थेचा भाग होता. ज्यांनी आपल्याकडचा आठवडी बाजार पाहिला आहे, कोथिंबिरीच्या चार जुड्या मांडून बसलेल्या म्हातारीपुढे पावती फाडणारा वसुलीचा माणूस उभा राहतो तेव्हा तिचा चेहरा पाहिला आहे, त्यांना या एका कलमाचे मोल समजावून सांगावे लागणार नाही. पावसापासून आसरा आणि वसुलीपासून आसरा, अशी ही दुहेरी दानत होती.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने आमचे इंग्लंडला जाणे झाले, तेव्हा एक दिवस काढून आम्ही चिचेस्टरला गेलो. खरे सांगायचे तर गेलो होतो फिलिप लार्किनसाठी. 'ॲन अरंडेल टूम' ही त्यांची १९५६ सालची कविता ज्या शिल्पावरून सुचली, ते अर्ल ऑफ अरंडेल आणि त्यांच्या पत्नीचे थडगे तिथल्या कॅथीड्रलमध्ये आहे. दगडातला सरदार, शेजारी त्याची पत्नी, आणि दोघांचे एकमेकांत गुंफलेले हात. हात तुटलेले होते आणि एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा घडवण्यात आले, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. आम्ही बराच वेळ तिथे उभ्या होतो. बाहेर आलो तो पाऊस लागला, आणि चार पावले धावत आम्ही ज्या छपराखाली शिरलो ते बिशप स्टोरींचे होते.

खांबाभोवतीच्या दगडी बैठकीवर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र मांडीवर ठेवून बसले होते. शाळेच्या गणवेषातल्या दोन मुली एकाच पुड्यातले काही खात होत्या. बाबागाडी घेऊन एक बाई आली, तशी त्या मुली सरकल्या. कुणी कुणाशी बोलले नाही. पाऊस आठही कमानींतून दिसत होता आणि आम्ही सारे कोरडे होतो. लेलंडने माम्झबरीविषयी जे लिहिले ते इथे पाचशे वर्षांनंतरही जसेच्या तसे चालू होते. फक्त त्या दुपारी त्या छपराखाली कुणी काही विकत नव्हते. कॅथीड्रलमधल्या दोघांची नावे, कुळ, मृत्यूची साले सारे आम्हांस पाठ होते. ज्यांच्यासाठी हे छप्पर उभारले त्यांच्यातल्या एकीचेही नाव आम्हांस सांगता आले नसते. मात्र त्यांची बसण्याची जागा हाताला लागत होती, आणि ती झिजलेली होती.

तिथेच आम्हांला मराठी शब्द सापडला : छत्री. खांबांवर तोललेले, चारी बाजूंनी उघडे, माथ्याला निमुळते होत जाणारे छप्पर म्हणजे छत्री. पावसात डोक्यावर धरायची तीही छत्रीच. दोन्ही अर्थ या वास्तूला चपखल बसतात. आणि तरीही हा शब्द वर्गात सांगताना आमची जीभ किंचित अडखळते, कारण मराठीत छत्री बांधली जाते ती मृतांसाठी, आणि त्यातही राजेरजवाड्यांसाठी. वानवडीची शिंदे छत्री घ्या. महादजींच्या स्मृतीला केवढी देखणी सावली लाभली आहे! जिवंत माणसासाठी, तेही भाजी विकणाऱ्या माणसासाठी, 'छत्री' हा शब्द वास्तूच्या अर्थाने वापरण्याची वेळ आपल्या भाषेवर फारशी आलेली नाही. भाषांतर अडते तेव्हा दर वेळी शब्दच कमी असतो असे नाही. कधी कधी तो शब्द आपण कुणासाठी राखून ठेवला आहे, हे दिसून येते.

या वास्तूला भिंत नाही, याकडेही लक्ष द्यावयास हवे. भिंत बांधणे परवडले नसते असे नव्हे. भिंत असती तर प्रयोजनच बिघडले असते. बाजार दिसला पाहिजे, ही त्या काळची धारणा होती. इंग्लिश कायद्यात 'मार्केट ओव्हर्ट' नावाचे एक तत्त्व होते : दिवसाउजेडी, उघड्या बाजारात, प्रामाणिकपणे विकत घेतलेल्या वस्तूवर खरेदीदाराचा हक्क पक्का मानला जाई, जरी ती वस्तू पुढे चोरीची निघाली तरी. सर्वांसमोर झाले म्हणून ते खरे. हे तत्त्व १९९४ च्या कायद्याने रद्द झाले, म्हणजे अगदी अलीकडे. बाजारातले तंटे तिथल्या तिथे सोडवणाऱ्या न्यायालयांना 'पायपाउडर' म्हणत. हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ धुळीने माखलेले पाय. वाटेवरची धूळ अजून पायांवर आहे अशा फिरत्या विक्रेत्याला न्यायासाठी थांबून राहणे परवडणार नाही, म्हणून त्याचा निवाडा त्वरित व्हावा, ही कल्पना. बेन जॉन्सनच्या 'बार्थोलोम्यू फेअर' या १६१४ च्या नाटकातला न्यायमूर्ती ओव्हरडू अशाच न्यायालयाचा. १६५३ च्या विवाहविषयक कायद्याने तर नियोजित लग्नाची घोषणा चर्चऐवजी बाजारात, तीन बाजारवारी, करण्याची मुभा दिली. लग्न असो वा लोणी, गावाने ते पाहिलेले असावे एवढेच मागणे होते.

अर्थात, हे चित्र गोड करून रंगवण्याचे कारण नाही. सर्वांसमोर होणाऱ्या गोष्टींत शिक्षाही होती. रटलंडमधील ओकम येथल्या लोण्याच्या क्रॉसखाली अपराध्यांचे पाय अडकवण्याचे लाकडी खोडे आजही आहेत. त्यांना भोके पाच आहेत, आणि पाचवे कशासाठी यावर पाहुणे हसतात. ज्याचे पाय त्यांत अडकत असतील त्याला बाजाराचे उघडेपण कसे वाटले असेल? टॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या १८८६ च्या कादंबरीच्या आरंभी हेन्चर्ड आपल्या बायकोला विकतो तो प्रसंग जत्रेतल्या तंबूत घडतो. प्रत्यक्षात अशा विक्रीच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, त्यांत बाईच्या गळ्यात दोरी बांधून तिला भरबाजारात, पुष्कळदा क्रॉसपाशीच, आणले जाई. कायद्याने हा व्यवहार कधीच मान्य केला नाही. पण चव्हाट्यावर, साक्षीदारांसमोर झाला म्हणजे तो वैध, अशी लोकांची समजूत होती. म्हणजे ज्या उघडेपणाने लोणीवालीला सौद्याची हमी दिली, त्याच उघडेपणाने दुसऱ्या एका बाईच्या अपमानालाही हमी दिली. छत्री तीच, खाली उभे कोण यावर सारे अवलंबून.

तरीही या उघडेपणात गरिबाच्या हाती काही होते. ई. पी. टॉमसन यांनी १९७१ मध्ये लिहिलेल्या, अठराव्या शतकातील इंग्लिश जमावाच्या नैतिक अर्थकारणावरील निबंधात याचा फार मोलाचा विचार आहे. धान्य बाजारातच यावे, वाटेत गाठून कुणी व्यापाऱ्याने ते परस्पर उचलू नये, आरंभीच्या ठरावीक वेळात गरिबांना थोडे थोडे विकत घेता यावे आणि मगच घाऊक व्यापाऱ्यांनी हात घालावा, असे नियम आणि संकेत होते. धान्याच्या किमतीवरून उसळलेले जमाव नुसते भुकेने पिसाळलेले नव्हते. हे जुने संकेत मोडले जात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. वाटेत माल अडवणे आणि साठेबाजी यांविरुद्धचे जुने कायदे १७७२ मध्ये रद्द झाले. सौदे नमुना पाहून, बंद दाराआड होऊ लागले. क्रॉस जागच्या जागी उभे राहिले, पण ज्या बाजारव्यवस्थेचे ते डोळे होते ती व्यवस्था त्यांच्या पायांखालून सरकत गेली.

मग या दगडांचे करायचे काय, हा प्रश्न उरला, आणि त्याची उत्तरे वेगवेगळी मिळाली. चिचेस्टरला १८०८ मध्ये जॉन नॅश यांच्या आराखड्यानुसार वेगळे बाजारगृह झाले. ब्रिस्टलकरांनी आपला चौदाव्या शतकातला उंच, राजांच्या मूर्तींनी सजलेला 'हाय क्रॉस' १७३३ मध्ये वाटेतून हलवला, पुढे दुसऱ्या जागेवरूनही काढला. अखेर १७६० च्या दशकात हेन्री होर या धनिकाने तो स्टाउरहेडच्या आपल्या प्रसिद्ध बागेत नेऊन उभारला. तिथे तो आजही आहे आणि तळ्याकाठी फार सुंदर दिसतो. गर्दीतून उचललेली वस्तू बागेत सुंदर दिसतेच. मात्र ती कशाची खूण होती हे तिथल्या हिरवळीवरून कळण्याचा मार्ग नाही.

विंचेस्टरचे उत्तर निराळे. तिथला पंधराव्या शतकातला 'बटर क्रॉस' १७७० मध्ये रस्तेदुरुस्तीच्या अधिकाऱ्यांनी टॉमस डमर या जमीनदाराला विकून टाकला. त्यालाही तो आपल्या क्रॅनबरीच्या बागेत न्यायचा होता. मजूर तो उतरवायला आले तेव्हा गावकरी जमले, दंगा झाला आणि मजुरांना परत जावे लागले. सौदा मोडला. डमर यांनी मग आपल्या बागेत लाकूड आणि गिलावा यांची नक्कल उभी केली. ती ऊनपावसाने काही दशकांत नाहीशी झाली. मूळ क्रॉस जागेवरच राहिला आणि १८६५ मध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचा जीर्णोद्धार केला. 'वारसा' हा शब्द अधिकृत परिभाषेत येण्याच्या कितीतरी आधी, कुठल्याही समितीशिवाय, बाजारातल्या माणसांनी तो वाचवला. विकणाऱ्या अधिकाऱ्यांना तो अडथळा दिसत होता, घेणाऱ्याला शोभेची वस्तू. गावाला ती आपली रोजची जागा वाटत होती, आणि हे तिसरे पाहणेच त्याच्या कामी आले.

इंग्रजी राजवटीत बाजाराच्या इमारतीचा हा प्रश्न आपल्याकडेही आला, म्हणून एका पुण्यातल्या वास्तूचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १८८६ च्या सुमारास झालेले पुण्याचे रे मार्केट गॉथिक वळणाचे आहे. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि भोवती पसरलेल्या शाखा. चिचेस्टरशी त्याचे नाते जोडण्याचा आमचा हेतू नाही. ते भिंतींचे, गाळ्यांचे, एकोणिसाव्या शतकातल्या नगरपालिकेचे अपत्य. पण त्याची चर्चा चालू होती त्या काळात नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी त्या खर्चाला विरोध केला होता; लोकशिक्षणाची निकड त्यांना अधिक वाटत होती. त्याच इमारतीला पुढे त्यांचे नाव मिळाले. नामांतराची ही विसंगती अनेकांनी सांगितली आहे. आम्हांला त्यापेक्षा फुल्यांचा आक्षेप महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक पैशातून उभे राहणारे छप्पर कुणाच्या डोक्यावर येणार, हा प्रश्न त्या आक्षेपाच्या मुळाशी आहे, आणि मंडईच्या आत गाळे आणि बाहेर फरसबंदीवर पोते अंथरून बसलेल्या बायका असे दृश्य जोवर दिसते तोवर तो शिळा होणार नाही.

आम्ही विद्यार्थ्यांना आता 'मार्केट क्रॉस'साठी 'बाजारछत्री' हा शब्द सुचवतो. सगळ्यांना तो पटत नाही. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, की मॅडम, क्रूस गेला तर मग बाजारकर माफ करणारा तो बिशप आपल्या शब्दात कुठे राहिला? आक्षेप योग्य आहे. धर्मभावना वगळून त्या छपराचा खुलासा होत नाही, आणि नुसत्या धर्मभावनेनेही होत नाही, कारण क्रूस उभा करून पावसात भिजणाऱ्यांकडून कर घेणे सहज शक्य होते. तिने आपल्या भाषांतरात 'क्रूसाची छत्री' असे लिहिले आहे आणि खाली दोन ओळींची टीप दिली आहे. टिपेत पाऊस आहे, लोणी आहे आणि माफ केलेला कर आहे. आम्ही ते तसेच राहू दिले आहे.